सहज केलेला फोन
उकडलेल्या हळदीचा वास आला की वडिलांचा तो भर दुपारचा फोन आठवतो. कामाशिवाय त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, आणि त्या दिवशी म्हणाले, "काई न्हाई, सहज लावला." आईनं म्हटलं असतं तर मी विसरूनही गेले असते. मी विचारलं, "आई कुठाय?" "अंगणात हळद पसरायलीय." मागं तिचा आवाज नव्हता, म्हणून पटेना. अर्धी रजा टाकून परभणीहून माहेरी, ताडकळसची बस धरली. आई खरंच अंगणात हळद पसरत होती. वडिलांनी विचारलं, "अशी अचानक?" मी म्हटलं, "सहज." ते आईजवळ जाऊन हळूच म्हणाले, "विचार तिला, सासरी काय झालंय." हल्ली फोन केला की ते आधी कारण सांगतात, आणि त्या कारणावरही माझा विश्वास बसत नाही.