पिल्लाची शिट्टी घरीच ठेवणारे भावोजी

ताईचा फोन आला तेव्हा मी दुबईत अल क्वोजच्या ऑफिसात कुणाच्या तरी व्हिसाचे कागद लावत बसले होते. ती एवढंच म्हणाली, "गेले गं..." खरं तर आम्ही सगळे तयारच होतो. पण तयारी वगैरे काही नसते, हे त्या क्षणी कळलं. आता दीड-दोन महिने झालेत, तरी गुरुवारची संध्याकाळ आली की ताईच्या घरी फोन करून "काय, आज कुठल्या शिट्ट्या?" असं विचारावंसं वाटतं.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दिनकरराव, भंडाऱ्याकडचे. त्यांचे आजोबा त्या मुलखातले नावाजलेले शिकारी. आजोबांची बंदूक कुणा काकांकडे गेली आणि भावोजींच्या वाट्याला आल्या पाखरांना बोलवायच्या शिट्ट्या. बांबूच्या, शिंगाच्या, एक तर आंब्याच्या कोयीची. नव्वदच्या आगेमागे ते दुबईला नोकरीला आले तेव्हा लोक सामानातून लोणची-पापड आणत होते आणि या गृहस्थांनी बिस्किटाच्या डब्यातून शिट्ट्या आणल्या. मी तेव्हा त्यांची यथेच्छ थट्टा केली होती. वाळवंटात काय उंटांना बोलावणार का, म्हणून! त्यांनी हसून डबा कपाटात ठेवला. पण इथेही बागांमधून, खजुरीच्या शेतांमधून तित्तिर भरपूर आहेत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात आवाजावरून कळलं होतं.

ते ज्यांच्या कंपनीत गोदाम सांभाळत, त्यांना सगळे 'अरबाब' म्हणत, म्हणजे मालक. सगळ्यांचे व्हिसे त्यांच्याच नावावर. या अरबाबांना ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवायचा भारी नाद. शहराबाहेर त्यांचं मोठं शेत होतं. गोदामातल्या या मराठी माणसाला पाखरांशी बोलता येतं हे एकदा त्यांच्या कानावर गेलं आणि मग हिवाळ्यात दर शुक्रवारी पहाटे खाली गाडीचा हॉर्न वाजू लागला. आदल्या संध्याकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर सगळ्या शिट्ट्या मांडायच्या आणि भावोजी गॅलरीत जाऊन वारा बघून यायचे. वारा असला तर शिंगाची, तिचा आवाज लांब जातो. विणीचे दिवस जवळ आले की नराच्या बांगेची, कारण तेव्हा दुसऱ्याचा आवाज ऐकला की नर भांडायला पुढे येतो. थंडीत थव्याला गोळा करायची. न्यायच्या मात्र दोनच. जास्त नेल्या की माणूस वाजवत सुटतो आणि पाखरं शहाणी होतात, असं ते म्हणत. साडी निवडायला मला लागत नसेल इतका वेळ त्यांना दोन शिट्ट्या निवडायला लागायचा, आणि तोवर टेबल अडल्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

कोयीची शिट्टी मात्र कधी निवडीला उतरायचीच नाही. ती पिल्लाची. चुकलेलं, घाबरलेलं पिल्लू चिवचिवतं तसा तिचा आवाज. ती वाजली की आई असेल तिथून, समोर माणूस दिसत असला तरी धावत येते. ती वाजवून आईला मारायचं नाही, ती शिकारीला न्यायचीच नाही, असा त्यांच्या घरचा दंडक. भाची केतकी लहान असताना हट्ट करायची तेव्हा दारं-खिडक्या लावून ते ती हळूच वाजवून दाखवत. एकदा अरबाब चहाला आलेले असताना पोरीनं "बाबा, प्ले द बेबी वन!" म्हणून धोशा लावला आणि अरबाबांनी तो आवाज ऐकला.

पुढच्याच शुक्रवारी त्यांच्याकडे बडे पाहुणे यायचे होते. अरबाब म्हणाले, "सदीक, मेरे दोस्त, इस बार वो बच्चेवाला लाओ. मेहमान खाली हाथ नहीं जाना चाहिए." भावोजींनी घरी येऊन ताईला सांगितलं, मी नेणार नाही. मी उखडले. व्हिसा त्यांच्या हातात, पोरगी शाळेत, आणि तुम्ही आंब्याच्या कोयीसाठी संसार पणाला लावता? ते शांतपणे म्हणाले, "मेहुणीबाई, ज्याला भांडायची खुमखुमी आहे त्याला बोलवू ना. तो त्याच्या हिमतीवर येतो. आई कशासाठी येते? तिला खोटं सांगून बोलवायचं म्हणजे दगाच की."

गेले ते दोनच शिट्ट्या घेऊन. त्या दिवशी वारा सुटला होता, एक पाखरू झुडपाबाहेर आलं नाही. अरबाबांनी विचारलं तेव्हा यांनी सरळ सांगितलं, घरी ठेवून आलोय. परतीला अरबाबांनी त्यांना नोकरांच्या गाडीत बसवलं. ताईनं तो महिना कसा काढला ते तिलाच ठाऊक. दाराची बेल वाजली की ती आधी भोकातून बघून घ्यायची. नोकरी राहिली, पण शुक्रवारचा हॉर्न बंद झाला. भावोजी पहाटे उठून, आंघोळ करून, उगीच पेपर वाचत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे... पुढच्या हिवाळ्यात मात्र एका शुक्रवारी हॉर्न वाजला. अरबाब स्वतः वर आले होते. म्हणाले, "यल्ला दिनकर, चलो, जो तुम्हारा मर्जी, वो लाओ."

केतकी शिकायला अमेरिकेत गेली. तिथे टर्कीच्या शिकारीसाठी दुकानात फळ्याच्या फळ्या भरून शिट्ट्या मिळतात, हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा यांनी एकेकीची माहिती विचारून घेतली. मी तिथेच बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पिल्लाची पण विकतात?" ती म्हणाली, "ऑफ कोर्स बाबा, एव्हरी काइंड." यावर त्यांनी तिला जेवण झालं का विचारून फोन ठेवला.

पोटाचं दुखणं निघालं ते फार पुढे गेलेलं. त्यांनी ताईला आणि मला बजावलं, केतकीला कळवायचं नाही. परीक्षा आहे, सगळं टाकून धावत येईल. रोज फोनवर ते तिच्याशी ठणठणीत आवाजात बोलायचे आणि फोन ठेवला की डोळे मिटून पडायचे. ताई नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाणारी नाही, मी आहे. दवाखान्यात मी त्यांना म्हटलं, "भावोजी, ती शिट्टी खोटी असते, म्हणून तो दगा. तुमचं दुखणं खोटं आहे का?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "खलास, मेहुणीबाई. विषय नको."

मी बाहेर येऊन केतकीला फोन लावला. म्हटलं, बाळा, बाबांना फार बरं नाही, निघ. तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

ती दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "कुणी वाजवली?" मी म्हटलं, "मी." मला वाटलं, आता आयुष्यभर बोलणार नाहीत. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला आणि मला म्हणाले, "जा, तिला काहीतरी खायला आण." शेवटचे ते थोडे दिवस बापलेक सतत बोलत होते. मी तो फोन केला याचा मला आजही आनंद आहे.

दिवसपाणी करून केतकी परत गेली. फोनवर रोज एकच, "आय ॲम फाइन मावशी." थेट बापाचा सूर. गेल्या आठवड्यात मात्र रडत म्हणाली, "मावशी, आय ॲम नॉट फाइन... आईला पाठवशील?"

ताई काल अमेरिकेला गेली. तिच्या तुळशीला पाणी घालायला मी आले आहे आणि तिच्याच जेवणाच्या टेबलावर हे लिहिते आहे. लेकीनं असं बोलावलेलं भावोजींना मुळीच आवडलं नसतं. ते ताईवर रागावले असते, माझ्यावर तर नक्कीच. आणि तरीही ताईला विमानतळावर सोडायला सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभे राहिले असते.