पालखीपुढची खुर्ची

इंदूर संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, तेव्हा हे दरबारच्या कचेरीतून नव्या सरकारच्या कचेरीत गेले. ते सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. सारख्या पेट्या बांधायच्या आणि सोडायच्या, याला कंटाळून यांनी पेन्शन घेतली आणि जाहीर केलं, की आता मूळ गावी, कोकणात, समुद्राकाठी राहायचं. ते गाव यांच्या पणजोबांनी सोडलेलं. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. माझा जन्म इंदूरचा, माहेर दोन गल्ल्या पलीकडे. मला कुठेही जायचं नव्हतं, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, आधी शिमग्याला जाऊन बघू, मग ठरवू. म्हणजे यांचं ठरलेलंच होतं.

मुंबईहून बोटीने निघालो. बंदरोबंदरी बोट थांबे, माणसं होड्यांतून चढत-उतरत. हे कठडा धरून दिसेल त्या गावाला ‘आपला मुलुख’ म्हणत होते आणि मधूनमधून उलट्या करत होते. मला काही झालं नाही.

गावी भाऊबंदांनी अगत्याने ठेवून घेतलं. सकाळी मऊ भात, दुपारी भात, रात्री भात. पोळीची आठवण यांच्या तोंडावर दिसे, पण बोलणार कोण? सोबत नेलेली शेव केव्हाच संपली. मला मात्र समुद्र आवडला, आणि आवडला म्हणून स्वतःचा थोडा रागही आला. पहाटे घरातल्या बायकांबरोबर पुळणीवर जायची. कोळी जाळं ओढत, त्यांच्या बायका माशांच्या भावावरून कडाकडा भांडत आणि लगेच हसत. ओहोटी असली की आम्ही वाळूवरून शेजारच्या गावच्या देवळापर्यंत चालत जायचो, वाटेत शहाळी प्यायचो. लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली की मी या वयात खुशाल ओरडायची.

शिमग्यात तिथे देवी स्वतः घरोघर येते. पालखी अंगणात आली की घरचे पुरुष ती खांद्यावर घेऊन नाचवतात आणि घरच्या सुना देवीची ओटी भरतात. एकदा पालखी खांद्यावर आली की आपण गावचे झालो, मग घर बांधायला घ्यायचं, असा यांचा बेत होता.

इंदूरला दसऱ्याच्या सवारीला दरबारी पोशाखात जायची रीत. देवीपुढे साध्या कपड्यांत जायचं, हे यांना सुचणंच शक्य नव्हतं. पगडी, अंगरखा, जरीचं उपरणं, सगळं पेटीतून काढून चढवलं. अंगणातले बाकीचे पुरुष धोतर खोचून, अनवाणी उभे होते. यांना पाहून ते आदराने बाजूला झाले. कोणीतरी आतून खुर्ची आणली.

ढोल वाजला, पालखी आली. हे पुढे सरसावले आणि इंदूरच्या बोलीत म्हणाले, “सरका हो भिया, मलाही उठवू द्या.”

घरच्या वडीलधाऱ्यांनी यांचा दंड धरून प्रेमाने खुर्चीकडे नेलं. “तुम्ही बसा हो. पाहुण्यांना कशाला त्रास?”

हे बसले. अगत्यापुढे हट्ट धरायचा नाही, हे दरबारात अंगी मुरलेलं.

पालखी नाचवून झाली, टेकवली. तेवढ्यात त्या घरच्या सूनबाईने मला हाक मारली. “चला जाऊबाई, ओटी आधी तुमची. थोरल्या घरच्या सून तुम्ही.”

यांचं हे वेड जाऊ दे, एवढंच देवीजवळ मागायचं, असं मी इंदूरहून ठरवून आले होते. ओंजळीत तांदूळ घेतले आणि मागे वळून पाहिलं. हे खुर्चीत ताठ बसले होते, डोळे पालखीवर, पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या माणसासारखे. मला फार वाईट वाटलं. मी मागितलं, यांना एकदा खांदा लावू दे.

पालखी त्या अनवाणी पुरुषांनीच उचलली आणि ती पुढच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी यांनीच परतीच्या बोटीची चौकशी केली. आणखी थोडे दिवस राहू, असं मी म्हणाले, ते यांनी ऐकलं नाही. पुढे इंदूरला कोणी कोकणाबद्दल विचारलं की हे म्हणत, “छान आहे. पाहुणचार फार करतात.”