दादाची जीप: पाटे की कॉइलओव्हर

दादा काल गेला. अटॅक.

रडून झालंय माझं. आता आमचं सगळ्यात मोठं भांडण सांगते. बहीणभावाचं भांडण म्हटलं की लोकांना शेती आठवते. आमचं झालं जीपच्या मागच्या सस्पेन्शनवरून.

आमचं गाव महागावजवळ. भांडण झालं त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून सगळे थांबलेले. घराघरात छतापर्यंत कापूस आणि घरातल्यांच्या अंगाला खाज.

दादाही थांबला होता.

त्यातच वहिनी विहिरीवर घसरून पडली. यवतमाळला मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, दर आठवड्याला दाखवायला आणा, पण वाटेत झटका बसू देऊ नका. बसला तर पाय कायमचे जातील.

आणि आमच्याकडे काय, तर जीप. खड्डा आला की डोकं टपाला लागणार.

नेमका तेव्हाच तिचा मागचा पाटा तुटला. पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची कमान, मागचा सगळा भार तिच्यावर. महागावचे मुश्ताकभाई आमचे मेकॅनिक, दादाचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी मागचं सगळं उतरवून ठेवलं होतं.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत सस्पेन्शनचंच काम करायचे. फोनवर सांगितलं, उघडलंच आहे तर पाटे काढून टाका आणि कॉइलओव्हर लावा. शॉकॲब्सॉर्बरवरच स्प्रिंग चढवलेली असते, गाडी मऊ चालते. पार्ट्स मी पाठवते.

मुश्ताकभाई तर हरखलेच. महागावात असं काम कोणी केलं नव्हतं. चासीवर ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचे, याच्या खडूच्या खुणासुद्धा त्यांनी मारून ठेवल्या.

दादा मात्र म्हणाला,

"मले एक सांग. ते लावल्यावर मांगं कापूस भरता येईन का?"

मी खरं ते सांगितलं. थोडा येईल, पहिल्यासारखा नाही.

"मंग गाडी तुह्या वहिनीची झाली. वावराले कोनती आनू?"

मी चिडले. बायकोच्या पायांपेक्षा तुला कापूस मोठा का, असं सरळ विचारलं. त्याने फोन ठेवून दिला.

नंतर कळलं, वहिनीनेच त्याला बजावलं होतं. माझ्यापायी गाडी मोडाची नाही. ही एकच गाडी आहे, तिच्यावर घर चालतं.

म्हणजे दोघं एकमेकांसाठी अडून बसलेले, आणि मी पुण्यात बसून दोघांवर तणतणतेय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा भांडण. त्या भांडणात मी बोलून गेले की पाटे काही वाईट नसतात, ते भारासाठीच बनलेले असतात. रिकाम्या गाडीत दगडासारखे लागतात, भार बसला की वाकतात आणि मऊ होतात. पण दर आठवड्याला दवाखान्यात जायला तू भार आणणार कुठून?

पलीकडे दादा हसला. "पागल, घरभर भारच तर पडून हाय."

नवे पाटेच बसले. मुश्ताकभाईंचा जीव थोडा खट्टू झाला, पण काम त्यांनी मन लावून केलं.

मग ट्रायल. जीपमध्ये टपापर्यंत कापूस दाबला. मुश्ताकभाई स्वतः वर आडवे झाले आणि दादाने गाडी मुद्दाम खराब रस्त्याला घातली. परत आल्यावर मुश्ताकभाई कंबर धरून उतरले. "भाऊ, आता मलेच भरती करा."

कापूस दिसतो घरभर, वजनाला मात्र काहीच नाही. जन्मभर कापूस पिकवणाऱ्या दादाच्या हे ध्यानात आलं नाही आणि इंजिनिअर असून माझ्याही नाही. शेवटी खाली सोयाबीनचे भरलेले कट्टे टाकले, वर कापसाची गाठोडी, त्यावर गादी. जीप एकदम शहाण्यासारखी चालायला लागली.

वहिनीला त्या कापसावर पाय ताणून झोपायचं जिवावर यायचं. वेचणीआधी वावरात दहीभाताची पूजा, म्हणजे सीतादही, करून वेचलेला कापूस तो. आधी गाठोड्याला हात लावून नमस्कार करायची, मग आडवी व्हायची.

यवतमाळला दवाखान्यासमोरच्या टपरीवर लोक दादाला विचारायचे, काय भाव लागला. हा सांगायचा, दवाखान्यात कुठं भाव भेटते. संध्याकाळी तोच कापूस घरी परत. गावाने खूप हसून घेतलं.

मग अचानक भाव चढला. सगळ्या गावाने घरं रिकामी केली. दादानेही घरातला कापूस काढला, पण जीपमधला तसाच ठेवला. वहिनी अजून उभी राहिली नव्हती. मुश्ताकभाईंनी समजावलं, त्याजागी गवत भरू, गाद्या टाकू. याने ऐकलं नाही. चाललंय ते बदलायची त्याला भीती वाटायची, हे त्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. तोवर एवढंच म्हणायचा, "कापूस पुढल्या साली बी येईन."

भाव पडला. दाबून पिवळा झालेला तो कापूस शेवटी गाद्यांत गेला.

वहिनी चालायला लागली. आधी भिंत धरून, मग अशीच. पुढच्या वेचणीला वावरात होती.

मला अजूनही वाटतं, हातात वेळ आणि दुसरी गाडी असती तर कॉइलओव्हरच लावायला हवे होते. दादाला हे दर दिवाळीला ऐकवायचे. आता कोणाला ऐकवू, कळत नाही.

काल यवतमाळहून त्याला ॲम्ब्युलन्सने घरी आणलं. मी मागे त्याच्याजवळ होते. वहिनी स्वतःच्या पायांनी चढून ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसली.

आर्णीच्या पुढे ड्रायव्हरने गाडी एका खड्ड्यात आपटली. दादाचं डोकं हललं, मी धरलं.

वहिनी ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, जरा हळू घ्या. मांगं माणूस हाय."

घरापर्यंत त्याने गाडी हळूच आणली.

सावकाश जा, दादा.