घोंगड्याचं भोक

ग्रंथालयातल्या एका कपाटाच्या खालच्या कप्प्यात काळं घोंगडं घडी करून ठेवलेलं आहे. सोबत दोन-तीन भिंगं, काही आरसे, कोपरा उडालेला लोलक आणि पुठ्ठे. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाचं हे सामान. शनिवारी मुलं येतात, घेऊन जातात, संध्याकाळी आणून ठेवतात. मी ग्रंथपाल, किल्ली माझ्याकडे असते. मंडळाचं नाव ‘उजेड’. ते माझ्या मैत्रिणीनं ठेवलं. ती गेल्या पौषात आजारपणात गेली.

आम्ही दोघी परभणीत, याच कॉलेजात बीएस्सीला होतो, होस्टेलवर एकाच खोलीत. शनिवारी मंडळाच्या आम्ही काहीजणी जवळपासच्या शाळांत जाऊन मुलांच्या हाती भिंगं द्यायचो. पेडगावच्या एका मुलीनं भिंगातून स्वतःचं बोट पाहिलं आणि म्हणाली, “बाई, हे तर नांगरलेलं रान हाय.” परतीच्या एसटीत माझी मैत्रीण सारखी आपली बोटं उन्हात धरून पाहत होती.

तिचं गाव पालमच्या पलीकडे. घरी मेंढरं. शेवटच्या वर्षी दिवाळीला ती गावी गेली तेव्हा आईचे गुडघे धरले होते, मेंढरांमागं जायला कोणी नव्हतं. आबा, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, आता परत जाऊ नको.

“लय शिकलीस माय. तिकडं काय उजेड पाडायलीस?”

टोमणाच होता तो. तिनं मात्र प्रश्न म्हणून घेतला. मला फोन केला, “सामान घेऊन ये. गावच्या शाळेत प्रयोग करू. आबा येऊन बघतो म्हणलेत. बघून काय म्हणतील त्यावर माझं परत येणं हाय.”

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी पोचले. आम्हाला वर्गात अंधार करून एका बारीक छिद्रातून बाहेरचं दृश्य भिंतीवर पाडायचं होतं. दोन खिडक्या होत्या. एकीला छिद्राचा पुठ्ठा लावला. दुसरीला चादर लावली, पण ती पातळ पडली. मैत्रीण घरी पळत गेली आणि घोंगडं घेऊन आली. मागोमाग आबा. मेंढरं समोरच्या मैदानात सोडून ते दारात उभे राहिले. “माझं पांघरूण कुठं पळवलंस गं?” पोरं खिदळली.

चादर काढून घोंगडं टांगलं, आबांना आत बसवलं आणि दार लावलं. अंधारात तिनं पुस्तकातल्यासारखी सुरुवात केली, “प्रकाश सरळ रेषेत जातो.”

सगळा वर्ग हसून फुटला. प्रकाश नावाचा एक मुलगा मागच्या ओळीत होता.

“ताई, ह्यो? ह्यो सरळ बसत बी न्हाई!”

“शाळेला येताना बी बोरीच्या झाडाकडून वळसा घालून येतोय!”

तीही हसली. “बरं, उजेड. उजेड सरळ जातो.” त्या दिवसापासून ती पुस्तकी शब्दाच्या वाटेला गेली नाही.

पण भिंतीवर काहीच दिसेना. घाईत मी पुठ्ठ्याला छिद्र मोठं पाडलं होतं. चुन्याच्या भिंतीवर नुसता पांढरट डाग. पोरं चुळबुळायला लागली. आबा अंधारातून म्हणाले, “पाडला का उजेड?” तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

दुसरं छिद्र पाडू म्हणून मी तो पुठ्ठा तळहातानं झाकला. डाग गेला. डोळे अंधाराला सरावत गेले, आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हललं.

“मेंढरं!” कोणीतरी ओरडलं. “उलटी मेंढरं!”

खाली आभाळ, वर जमीन, आणि जमिनीला पाय लावून लोंबत चाललेली मेंढरं. आम्ही केलेलं काही नव्हतं ते. घोंगड्याला आबांच्या बिडीच्या ठिणगीनं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं होतं. त्यातून सगळं मैदान आत आलं होतं.

आबा उठून भिंतीपाशी गेले. त्यांची सावली पडून चित्र फाटलं, पोरं ओरडली, “आबा, बाजूला सरका!” ते सरकले. बराच वेळ पाहिलं.

“ती लंगडी आपलीच की गं.”

“आपलीच, आबा.”

“डोकं खाली करून बी लंगडायलीय.” आणि ते हसले. तेव्हा कुठं तिला धीर आला.

आम्ही खिडक्या उघडल्या. आबांनी घोंगडं काढलं, झटकलं, घडी घातली. खांद्यावर टाकतील असं वाटलं. त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

“हे घेऊन जा. तिकडं इतका अंधार भेटतो का न्हाई.”

एवढंच बोलून ते मेंढरांकडे गेले. ती खालच्या पायरीवर बसून रडली.

ती पुढं गंगाखेडला शाळेत शिक्षिका झाली. घोंगडं मंडळाकडेच राहिलं, अनेक वर्गांच्या खिडक्यांना लागलं.

तिच्या दहाव्यानंतर मी ते आबांना परत द्यायला नेलं. त्यांचंच होतं. आता ते फार वाकलेत. त्यांनी घोंगडं उन्हासमोर धरलं, चाचपत भोक शोधलं.

“बुजवलं न्हाई का तुमी?”

“नाही आबा. त्यातूनच दिसतं ना.”

त्यांनी पुन्हा घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“पोरं येतेत का अजून?”

“येतात.”

“मंग न्या माघारी.”