दात आवळून हसणाऱ्या वन्सं

सबंध भोर-वेल्ह्यात माझ्या थोरल्या नणंदेइतक्या कष्टानं हसणारं माणूस तुम्हाला सापडायचं नाही. आपण हसतो ते फुकट. वन्सं दात आवळतात, तेव्हा कुठं त्यांचा डावा गाल वर जातो. काही वर्षांमागं त्या गालावरून वारं गेलं आणि तो जो निजला तो निजलाच. वन्संनी त्याच्यावर पदर ओढला. पुतण्याच्या लग्नातल्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत, या एकट्या मांडवाच्या खांबाकडं.

शेवटी मी त्यांना पुण्याला डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेलं. बाई म्हणाल्या, दुखणं ताजं असतं तर नसेला नस जोडली असती, आता गालाचे स्नायू सुकलेत. मग एक तर कानावरचा, घास चावायला लागणारा स्नायू खाली ओढून ओठाच्या कोपऱ्याला बांधायचा. नाही तर मांडीतल्या स्नायूची पट्टी गालात बसवून चावायच्या नसेला जोडायची. ती जागी व्हायला महिने लागतात. वन्संनी वांगी निवडावीत तसं विचारलं, "यातलं जास्त हसरं कुठलं?"

"तुमच्यासाठी मांडीचं."

"मग घ्या की. माज्याकडं मांडी लई हाय."

बाईंनी बजावलं, आधी दात आवळूनच हसावं लागेल. पुढं काहींना न आवळताही येतं, काहींना नाही. वन्संनी तेवढंच मनात धरलं. "मला बिनआवळता पायजे."

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर शेजारणी जमल्या. एक म्हणाली, "आत्या, जरा चालून दावा, गाल हलतो का बगू." वन्सं अंगणभर फिरल्या आणि म्हणाल्या, "आज रजा हाय त्याला." पुढं पिठाच्या डब्याला आरसा टेकवून सराव सुरू झाला, आणि एक दिवस गाल खरंच हलला. मग काय, दिसेल त्याच्यासमोर सराव. वेल्ह्याच्या बाजारात दात आवळून अशा हसल्या, की मिरचीवाल्यानं घाबरून मूठभर मिरच्या वर घातल्या. पण बिनआवळता काही येईना. "वैनी, हे हसू न्हाई, मजुरी हाय," म्हणायच्या.

परवा नसरापूरला आम्ही एसटीची वाट बघत होतो, तेव्हा माझ्या अकलेचा विषय निघाला. मी भोरच्या शाळेतली हुशार पोर, भोंगवलीला नांदायला आले ती सगळ्यांना शिकवायच्या तयारीनं. अंडी उबवत बसलेल्या कोंबडीला मी आळशी ठरवून हाकललं आणि तिची अंडी पाहुण्यांच्या आमलेटासाठी फोडली. तव्यात काय पडलं ते सांगत नाही.

"आन् वर आमच्या आईला इचारलंत," वन्सं म्हणाल्या, "गावाकडची अंडी अशीच असत्यात का?"

आणि हसल्या. तोंड सताड उघडं, दाताला दात लागलेला नाही, आणि उजव्यामागोमाग डावा गाल हळूच वर गेला, लाजत उठणाऱ्या पोरीसारखा. त्यांना पत्ताच नव्हता. मी बोलले असते तर त्यांनी लगेच दात आवळले असते.

तेवढ्यात आमची एसटी आली. मी ती जाऊ दिली.

"मग सासूबाई काय म्हणाल्या होत्या वो वन्सं?" मी विचारलं. "सांगा की परत."