अर्धा इंच माया

आमच्या शेजारच्या मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. तीस वर्षं माणसांच्या मागे उभं राहून मापं घेतली, त्यामुळे लोक त्यांना तोंडावरून ओळखतात आणि ते लोकांना पाठीवरून. दुकानावरून कुणी पुढे गेलं की मास्तर चष्म्यावरून बघत म्हणतात, "बँकेतला कॅशियर. उजवा खांदा पाव इंच खाली." तोच कॅशियर समोर येऊन उभा राहिला की विचारतात, "बोला, कोण आपण?"

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या दुकानाला खेटून आहे. मधे फळ्यांची भिंत, त्यामुळे त्यांच्या मशीनची खडखड आणि माझी बडबड दोन्ही दुकानांत सारखीच ऐकू येते. मी तापट आहे हे आधीच सांगून ठेवतो. मास्तर नाहीत. त्यांच्या वाट्याचं जे काही जगाला सुनावायचं असतं, ते वर्षानुवर्षं मीच सुनावत आलोय.

शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिंप्यांच्या भाषेत माया म्हणतात. अंग भरलं तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला बसतो. मास्तर माया भरपूर ठेवतात. लोक जमवतात ती दुसरी माया मात्र त्यांना कधी जमली नाही. जे काही जादा होतं ते गिऱ्हाइकांच्या शिवणीत गेलं.

त्यांना एकच मुलगी, सोळा वर्षांची. काही पोरांच्या पायाला भिंगरी असते, हिचं नावच भिंगरी पडलं. रोज पहाटे ती मैदानावर पळायची आणि मी स्टॉपवॉच धरून उभा राहायचो. ते स्टॉपवॉच कुणीतरी दुरुस्तीला टाकलं आणि न्यायला आलंच नाही. चारशे मीटरची एक फेरी ती एकोणसाठ सेकंदांत पुरी करायची. बुटांचे तळ दोनदा बदललेले. वरची बाजू मास्तरांनी जाड सुईने इतक्यांदा शिवली होती, की त्यात मूळ बूट किती उरलाय यावर आमचे वाद व्हायचे.

जिल्ह्याच्या शर्यतीत भिंगरी पहिली आली. तिसरी आली साहेबांची मुलगी. साहेब एका जाहिरात कंपनीत वरच्या खुर्चीवर. पोर गुणी, सरळ, आपण बरं की आपली धाव बरी. पण तिच्या मागे आहार सांगणारी एक बाई, मालिश करणारा एक माणूस, फोटो काढणारा एक, आणि फोनवर तिचं पान चालवणारी सख्खी आई. एवढी माणसं मागे लागली तर कुणीही पळेल.

त्याच सुमारास बूट बनवणाऱ्या एका कंपनीने जाहीर केलं, की आम्ही एका मुलीला निवडणार. तिने आमच्या जाहिरातीत दिसायचं, आम्ही तिला मोठ्या शहरातल्या शिबिरात वर्षभर ठेवणार. राहणं, खाणं, बूट, सगळं आमच्याकडे. भिंगरीला ते शिबिर हवं होतं. जाहिरात नको, फोटो नको, फक्त शिबिर. तिथल्या प्रशिक्षकांनी जिल्ह्याच्या शर्यतीत तिला बघून सांगितलं होतं, "एक वर्ष दे, तीन सेकंद काढून देतो." तीन सेकंद म्हणजे काय चीज असते ते घड्याळवाल्याला विचारा.

मुलाखतीला बापलेक गेले. मास्तर तोंड उघडणार नाहीत याची खात्री असल्यामुळे मीही गेलो. गार हवेच्या खोलीत टेबलापलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मुलीच्या मागे किती लोक आहेत?"

त्यांना म्हणायचं होतं फोनवर. मी तोंड उघडायच्या आत मास्तर आयुष्यात पहिल्यांदा पटकन बोलले.

"सगळ्याच की. हिच्या पुढे कुणी नसतंच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं.

निवड साहेबांच्या मुलीची झाली. कंपनीने कळवलं, की आम्ही क्रमांक बघत नाही, प्रवास बघतो. तेही खरंच. साहेबांच्या मुलीचा प्रवास कायम गाडीतून व्हायचा. भिंगरी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे माझं दार वाजवून म्हणाली, "काका, घड्याळ घ्या."

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण जाहिरात साहेबांचीच कंपनी करत होती, तिला संघर्ष हवा होता आणि साहेबांच्या घरी तेवढा सोडून बाकी सगळं होतं. एके दिवशी साहेब स्वतः दुकानात आले. माणूस तसा सभ्य, कपाळाचा घाम पुसत बोलत होता.

"मास्तर, दोन दिवस तुमचं घर मिळेल का? त्या मशीनसकट. शिंप्याची मुलगी, अशी गोष्ट आहे."

"शिंप्याची मुलगी आहे की!" मी फळ्यांपलीकडून ओरडलो. "घर कशाला, तीच न्या!"

मास्तर मात्र हो म्हणून बसले. साहेब गेल्यावर मी त्यांना फाडून खाल्लं. ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "अहो, पोरगी त्यांच्या डोळ्यांसमोर तर राहील. पुढच्या वर्षी आठवतील."

घरात चित्रीकरण होणार म्हणून वहिनींनी, म्हणजे भिंगरीच्या आईने, आदल्या दिवशी भिंतींना चुना दिला, भांडी लख्ख घासली. मंडळी आली आणि त्यांनी भिंतींना काजळी फासली. शिंप्याचं काम करायला एक नट आणला होता, कारण मास्तर कॅमेऱ्यात शिंपी वाटत नव्हते. नटाला मशीन चालवता येईना. मग पाय मास्तरांचे घेतले आणि चेहरा नटाचा.

खरा गोंधळ दुपारी झाला. साहेबांच्या मुलीने घालायचा म्हणून एक फाटका सदरा मुद्दाम आणला होता. खांद्यावर वीतभर फाटलेला, कडा रंगाने मळवलेल्या. तो खुंटीवर लटकत होता. मंडळी जेवायला बसली आणि मास्तरांची नजर त्या सदऱ्यावर गेली. मंडळी परत आली तर सदरा रफू झालेला. रफू असा, की फाटलं होतं कुठे ते शोधूनही सापडेना. दिग्दर्शक कपाळाला हात लावून खाली बसला.

"मास्तर, काय केलंत हे? त्या फाटण्यावर दोन दिवस काम केलं होतं!"

"फाटका होता हो," मास्तर म्हणाले. एवढंच. त्यांना यात गुन्हा काय हेच कळेना. शेवटी तो सदरा पुन्हा फाडला. फाडायला कात्री मास्तरांचीच मागितली, आणि त्यांनी दिली. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर धावण्याचं चित्रीकरण होतं. साहेबांची मुलगी नऊ वेळा पळाली, दहाव्यांदा खाली बसली. दिग्दर्शकाला शेवटच्या वळणावरचा जोर मिळेना. कुणीतरी भिंगरीकडे बोट दाखवलं. पाठमोरीच घ्यायची होती, चेहरा कोण बघतो? मास्तरांनी धावण्याचा शर्ट तिथल्या तिथे तिच्या मापाचा करून दिला. कंपनीचे नवे कोरे बूट तिच्या पायात चढले. मी सवयीने घड्याळ दाबलं.

सत्तावन्न. दोन सेकंद नुसत्या बुटांनी काढले होते.

दिग्दर्शक म्हणाला, "नको, नको. एवढं जोरात नको. खोटं वाटतंय."

मग ती हळू पळाली, तेव्हा ते खरं वाटलं. बूट परत करताना भिंगरीने तळव्यांची माती रुमालाने पुसली, लेस आत खोचल्या आणि खोक्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं.

महिन्याभराने दुकानासमोरच्या चौकात फलक चढला. तीन मजली. वर अक्षरं, 'पाठीशी कुणी नव्हतं. आता आम्ही आहोत.' खाली पळणारी पाठमोरी मुलगी आणि कोपऱ्यात साहेबांच्या मुलीचा हसरा चेहरा. मास्तर रस्ता ओलांडून गेले, मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

"डावा खांदा," परत आल्यावर म्हणाले. "लहानपणी पडली होती, तेव्हापासून जरा वर असतो. छान आलाय." आणि मशीनवर बसले. त्या दिवशी खडखड ऐकू आली नाही.

साहेबांची मुलगी शिबिराला निघायच्या आधी कंपनीकडून मास्तरांना काम आलं. जाहिरातीतल्या शर्टासारखे सहा शर्ट, त्याच मापाचे. मी म्हटलं, "फेका तोंडावर." त्यांनी शिवले. कागदावर लिहिलं होतं अगदी तसेच, सुताचाही फरक नाही.

चार दिवसांनी साहेबांची मुलगी स्वतः ते सहा शर्ट घेऊन आली. एकटीच. मी चष्मा लावून एका घड्याळाच्या पोटात बघत असल्याचं सोंग केलं.

"काका, खांद्यांत सैल होतायत."

मास्तरांनी टेप गळ्यात घेतला, तिच्या मागे गेले. दोन्ही खांदे मोजले. "शर्ट बरोबर आहेत, बेटा. ज्या पाठीचं माप सांगितलं होतं, तिला बसतील."

ती चौकातल्या फलकाकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मला माहितीये. ती पाठ मी दोन वर्षं बघतेय. दरवेळी मी मागेच असते ना." आणि रडायला लागली. "बाबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, आता करार झालाय. मी काय करू, काका?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. चांगलं लांबलचक होतं. पण फळ्यांच्या फटीतून तिच्या तोंडाकडे बघून ते गिळलं.

"काय करायचं? मन लावून पळायचं," मास्तर म्हणाले. "बस. आत घेऊन देतो."

त्यांनी एकेक शर्ट उलटा केला, शिवण उसवली, दोन्ही खांद्यांतून अर्धा अर्धा इंच आत घेतला. भिंगरीचे खांदे साहेबांच्या मुलीच्या मापाचे झाले. सहाच्या सहा. पोरगी डोळे पुसून, मास्तरांच्या पाया पडून गेली.

मी पलीकडून विचारलं, "जादा कापड कापून का नाही टाकलंत? उगाच टोचेल तिला."

"माया आहे ती," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी उसवता येईल. वाढत्या पोरी."

कुठली पोर ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंगरीने दार वाजवलं, मी घड्याळ घेऊन निघालो. जुन्या बुटांत एकोणसाठ आले.