आईनं राखून ठेवलेली फ्लॉपी

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक कॅमेरा आला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दादानं, म्हणजे माझ्या अमेरिकेतल्या थोरल्या भावानं, तो एका मित्राबरोबर भिंगारला पाठवला होता. विटेएवढा जड. त्यात रोल नाही, फ्लॉपी घालायची. आपली कॉम्प्युटरची साधी फ्लॉपी, तीच. बटण दाबलं की कॅमेरा कर्र कर्र करत बसायचा, आणि समोरचा माणूस बिचारा तेवढा वेळ हसू तसंच धरून ठेवायचा.

कॅमेरा आला, कारण आई चालली होती. वडील गेल्यापासून दादा तिला म्हणत होता, आता इकडंच ये, कायमची. शेवटी आई हो म्हणाली, पण जायच्या आधी तिला आपल्या माणसांचे फोटो पाहिजे होते, सगळ्यांचे. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं. आई गेली की त्या दोन खोल्यांत मी आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर, एवढंच उरणार होतं. हे मला कळत होतं, तिलाही कळत असणार. पण आम्ही दोघी आपल्या फ्लॉप्यांबद्दल बोलत होतो.

"फाइनवरच ठेव बरं का," दादा फोनवर ओरडून सांगायचा. "स्टँडर्डवर काढलेस तर इथं मोठे करून बघता येणार नाहीत. नुसते ठोकळे दिसतील."

त्याला तिकडं बसून सांगायला काय जातं! फाइनवर ठेवलं की एका फ्लॉपीत जेमतेम चार-पाच फोटो बसायचे. स्टँडर्डवर वीसेक. त्यानं पाठवल्या होत्या दहा फ्लॉप्या, आणि त्यातल्या दोन आमच्या क्लासच्या कॉम्प्युटरनं वाचायलाच नकार दिला. आईची माणसं म्हणजे अर्धा जिल्हा. दिवसभर क्लासमध्ये पोरांपुढं बडबडून यायचं आणि मग रात्रीच्या भाकरी थापताना आईला फाइन आणि स्टँडर्ड समजावायचं. मी अगदी वैतागून गेले होते.

आईला मात्र ते माझ्यापेक्षा नीट समजलं. "म्हंजे आहेराच्या साड्यांसारखं हाय की," ती म्हणाली. "एक चांगल्यातली, एक देण्याघेण्यातली. कुणाला कंची द्यायची ते मला इचार."

झालं. त्या दिवसापासून आमच्याकडं फाइन आणि स्टँडर्ड हे शब्द बंद झाले. चांगल्यातला आणि साध्यातला. सख्खी मावशी, मामा, वडिलांच्या बरोबरीचे एकदोन म्हातारे, हे चांगल्यातले. बाकी सगळे साध्यात. आणि आठ फ्लॉप्यांमधली एक तिनं उचलली, रुमालात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत तळाशी ठेवली. "ही कुणासाठी वापरायची न्हाई," म्हणाली. मी विचारलं नाही. मला वाटलं, ही माझी. खरं सांगते, मला बरं वाटलं.

भाड्याची जीप घेऊन आम्ही आधी श्रीगोंद्याकडं मामाच्या मळ्यात गेलो. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. जयभीम झाला, चहा झाला, मामाचा चांगल्यातला फोटो झाला, आणि मामी पदर सारखा करत उभी राहिली. मी सवयीनं आईला विचारलं, "हिचा साध्यातला ना?"

काय बुद्धी झाली मला! मामीला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चांगल्यातलं आणि साध्यातलं काय असतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आमचा साध्यातला व्हय?" मामी म्हणाली. "तुमच्या लेकाच्या लग्नात बी मला तसलीच साडी दिल्ती तुमी. मी काय बोलले न्हाई तवा."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "आगं, चांगल्यातला काढ गं तिचा," ती माझ्यावरच डाफरली. म्हणजे पुन्हा माझंच चुकलं. काढला. तर मामीचे डोळे मिटलेले. कॅमेऱ्याच्या मागं छोटा पडदा होता, त्यात सगळं लगेच दिसायचं, आणि बघायला अख्खा मळा माझ्या खांद्यावर वाकलेला. मी म्हटलं, हा पुसते आणि दुसरा काढते.

"पुसतीस?" मामी दोन पावलं मागं सरली. "जित्या मानसाला पुसायचं?"

मामा म्हणाला, नको पुसू, राहू दे. आई म्हणाली, नको पुसू. मिटल्या डोळ्यांची मामी राहिली, उघड्या डोळ्यांची मामी तिच्या शेजारी राहिली, मग मामा-मामी दोघांचा एक झाला, आणि एक फ्लॉपी मामीच्या रुसव्यात संपली.

दोन दिवसांनी पुणतांब्याला, आईच्या थोरल्या बहिणीकडं. एवढा लांबचा प्रवास करून पोचलो तर कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली आणि गावात लाइट नाही. लाइट येईपर्यंत आम्ही मावशीच्या दारात लिंबाखाली बसून राहिलो. मावशीला ऐकू कमी यायचं, दिसायचंही कमी. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मधूनच मावशी विचारायची, "कदी यायची आता?" आणि आई म्हणायची, "येते की." तिसऱ्यांदा ती 'येते की' म्हणाली तेव्हा मी उठून हापशावर तोंड धुवायला गेले. मला ते ऐकवेना.

उन्हं उतरायला लागली तेव्हा लाइट आली. मावशीसाठी आईनं सबंध फ्लॉपी दिली, सगळे चांगल्यातले. एक चेहऱ्याचा, एक दोघींचा, एक चुलीपाशी, आणि एक नुसत्या हातांचा, कारण मावशीच्या हातावर गोंदण होतं. मी पडदा मावशीच्या डोळ्यांसमोर धरला. ती म्हणाली, "ही म्हातारी कोन गं बया?" सगळे हसले. आई हसली नाही.

मग उरलेल्या फ्लॉप्यांवर गल्लीतल्या पोरीबाळी, शेजारणी, जीपवाला, मावशीची व्यायलेली म्हैस, सगळी साध्यात कोंबली. भिंगारला आलो तेव्हा सात फ्लॉप्या भरल्या होत्या आणि माझं अंग ठणकत होतं. आठवी रुमालात होती.

आई निघायच्या दिवशी सकाळी मी न्हाले, चांगली साडी नेसले, वेणी घातली. कॅमेरा टेबलावर ठेवला, दिसेल असा. आईनं चहा घेतला. पिशवी तपासली. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं. कॅमेरा उचलला आणि सरळ बॅगेत घातला.

मग मात्र माझा तोल सुटला. "सगळ्यांचे काढलेस," मी म्हणाले. "म्हशीचासुद्धा काढलास. माझा एक, साध्यातलासुद्धा काढावासा वाटला नाही तुला?" आणि मला रडू आलं. त्या सगळ्या उन्हातान्हाचं, फ्लॉप्यांचं, रिकाम्या होणाऱ्या घराचं, सगळं एकदम बाहेर आलं.

आई बॅग सोडून माझ्याकडं वळली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"येडी का काय तू?" ती म्हणाली. "ज्यांचं तोंड पुन्यांदा दिसंल न दिसंल, त्यांचं काढलं मी. तुझं कशाला काढू? तुला काय सोडून चाललेय व्हय मी?"

"मग ती फ्लॉपी कुणासाठी राखलीस?"

"आसू दी," ती म्हणाली. "लागंल कुणासाठी तरी."

कायमची गेलेली आई पुढच्या उन्हाळ्यात परत आली. दादाला सांगून आली की यंदाची थंडी सोसली नाही, हाडं अजून दुखतात, थोडे दिवस राहून येते. आली ती आल्या आल्या माझ्या फोडणीला नावं ठेवायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही. दोन दिवसांनी मी क्लासला निघाले तेव्हा तिनं तो रुमाल माझ्या हातात दिला. "बघ गं, नीट हाय का त्यात."

पोरं गेल्यावर मी क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी घातली. सगळ्या फ्लॉपीत एकच फोटो होता. दादाचा. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला, हसत. फाइनवर काढलेला होता, म्हणून मी मोठा करून बघितला. कानाशी केस पांढरे झाले होते. लहानपणी सायकलवरून पडला होता ती हनुवटीवरची खूण स्वच्छ दिसत होती. 'पुन्यांदा दिसंल न दिसंल' असं आई जाताना म्हणाली होती ते मला आठवलं, आणि मी फ्लॉपी काढून पुन्हा रुमालात गुंडाळली.

घरी गेले तर आई दारात शेंगा फोडत बसली होती. "आलाय का बरा?" तिनं विचारलं. "सूनबाईला म्हनलं, चांगल्यातला काढ."

"बरा आलाय," मी म्हणाले.

दादाचा दर रविवारी फोन यायचा. आईशी बोलून झालं की मला म्हणायचा, हिला परत कधी पाठवतेस? मी म्हणायचे, सरू दे की तिकडची थंडी. आई शेजारीच बसलेली असायची, खाली मान घालून काहीतरी निवडत. थंडी सरायची, पुन्हा यायची, आणि तो विचारतच राहायचा. तिकडून निघताना त्याचा तो फोटो आईनं का काढायला लावला, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.